टोपल्याखालचे गहू

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको. दारव्ह्यापासून चौदा किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथं मी दुसरीला शिकवते, आणि माझा आवाज रस्त्यापलीकडच्या वावरात निंदणाऱ्या बायांनाही ऐकू जातो. जीपच्या थांब्यावर भेटल्या की त्या म्हणतात, "ममता मॅडम, तुमच्यानं आमचाबी तीनचा पाढा पाठ झाला." वर्गात शुद्ध बोलायचं, असं मी रोज ठरवते. सकाळी "मुलांनो, इकडे लक्ष द्या" इथून सुरुवात होते. अर्ध्या तासात "काहून रे, डोक्यात भुसा भरला का?" येतं, आणि मधल्या सुट्टीच्या आत "मी काय भिंतीशी बोलून राह्यली? एकेकाची तंगडी तोडीन" हेही होऊन जातं. आजपर्यंत एकाही तंगडीला धक्का लागलेला नाही. पोरांना ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर ती ऐकत नाहीत.

वर्गात सतरा पोरं. सोळा जणांची तोंडं बंद करण्यात माझा दिवस जातो, आणि सतरावीचं काही केल्या उघडत नव्हतं. ही सतरावी म्हणजे बबिता. गावापासून दीड किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथून येते. आईबाप कामाला बाहेरगावी, म्हणून जूनमध्ये ती आजीकडे राहायला आली आणि आजीनं, मोतीबाईनं, तिचं नाव आमच्याकडे टाकलं. पहिला दिवस मला आठवतो. पुस्तकं कमी आली होती, दोन पोरं रडत होती, एक पळून गेलं होतं, आणि ही माझा पदर ओढून "याडी, याडी" करत तांड्याच्या गोरबोलीत काहीतरी मागत होती. याडी म्हणजे आई. पंधरा वर्षं तांड्यातली पोरं शिकवते, एवढं मला कळतं. पण तेव्हा टाळकं फिरलेलं. मी म्हटलं, "मी तुही याडी नाही, मॅडम आहे. इथं मराठीत बोलायचं. मराठी येईपर्यंत तोंड उघडू नको." असं काही ना काही मी दिवसाला दहा जणांना म्हणते. संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले.

अडीच महिने झाले, बबिता वर्गात बोलली नाही. फळ्यावरचं उतरवून घ्यायची, बेरजा करायची, पण समजून की शेजारच्या प्रियंकाचं पाहून, कोण जाणे. काही विचारलं की मान हलवायची. चौथीतलं तांड्याचं एखादं पोरगं सांगायचं, "घरी बोलते मॅडम, लय बोलते, पण आमच्या बोलीत." मी धरून चालले की मराठी काही तिच्या डोक्यात शिरत नाही. त्यात श्रावणातली तीज आली आणि तांड्यातल्या पोरी आठवडाभर शाळेत नव्हत्या. मी हजेरीपटावर बबितापुढं लाल फुल्या मारल्या. तीज म्हणजे काय करता गं, हे पंधरा वर्षांत मी कोणाला विचारलं नव्हतं.

तर त्या सोमवारी सकाळी केंद्रप्रमुख सदाशिवरावांचा फोन आला. आसपासच्या दहा शाळांवरचे हे साहेब. म्हणाले, "मॅडम, शनिवारी बारा वाजता दारव्ह्याले मीटिंग आहे. दुसरीतल्या ज्या पोराले आपल्या मनानं दोन वाक्यं बोलता येत नाही, त्याची यादी आणा. दिवाळीपर्यंत त्यायले पहिलीत बसवायचं आहे."

"आणि सगळ्यायले येत असंल तं?"

"निरंक लिहू नका बाप्पा. निरंक पाहिलं की वरचे म्हणतात, मॅडमनं तपासलंच नाही."

अशी गोष्ट पोटात ठेवावी. पण माझ्या पोटात काही राहत नाही. आठवड्याचा पाठ होता 'बी कसं रुजतं'. रात्रभर भिजवलेले गहू मी घरून आणले होते, पोरांनी करवंट्या आणल्या होत्या. मी सांगून टाकलं, "प्रत्येकानं गहू लावायचे. रोज पाणी द्यायचं, रोज मोजायचं. शनिवारी आपापल्या रोपाबद्दल उभं राहून दोन वाक्यं बोलायची. जो बोलणार नाही, तो सोमवारपासून दप्तर घेऊन पहिलीत."

सोळा माना एकदम बबिताकडे वळल्या. तिनं दप्तर ओढून पोटाशी धरलं. प्रियंकानं तिच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे असं रागानं पाहिलं की मीच दुसरीकडे बघायला लागले. पहिलीच्या खोलीत अजून रोज एक तरी चड्डी ओली होते. सात वर्षांच्या पोरीला तिथं जाऊन बसायचं म्हणजे काय, ते मला समजत नव्हतं असं नाही.

करवंट्या भरायला पोरं हापशीजवळची माती घेऊ लागली. बबिता मात्र कुंपणापर्यंत गेली आणि वारुळाची माती फ्रॉकच्या ओच्यात घेऊन आली. मी ओरडले, "वारुळात हात घालते का? साप असला तं?" तिनं मान हलवली. ही हो म्हणते की नाही, हेही कळायला मार्ग नाही. मग प्रत्येकाला एकेक मूठ गहू दिले. अश्वजितनं अर्धे खाल्ले. मी म्हटलं, काहून खाल्ले, तर म्हणाला, "गोड लागून राह्यले मॅडम." राजदीप आमचा मॉनिटर. त्यानं प्रत्येक करवंटीवर खडूनं नंबर घातले आणि व्हरांड्याच्या कडेला, उन्हात, सतरा करवंट्या ओळीनं लावल्या. पुस्तकात लिहिलंच आहे, रोपाला माती, पाणी आणि सूर्यप्रकाश लागतो.

मंगळवारी सतरा नंबरची करवंटी ओळीत नव्हती.

"बबिता, करवंटी कुठी गेली?" उत्तर नाही. "फुटली? हरवली? घरी नेली?" मान डावीकडे, मान उजवीकडे. "मी काय भिंतीशी बोलून राह्यली?" मी दुसरी करवंटी द्यायला निघाले, तर तिनं हातच पुढं केला नाही. तेवढ्यात तिकडे अश्वजित करवंटीत दोन्ही बोटं घालून गहू उकरत होता. म्हणाला, "पाहून राह्यलो मॅडम, जिते आहे का मेले." प्रियंकानं सकाळपासून चार वेळा पाणी घातलं होतं आणि तिच्या करवंटीत गहू पोहत होते. मी बबिताला विसरून या दोघांवर घसरले.

मधल्या सुट्टीत बबिता वर्गात नसायची, हे मला दिसत होतं. ती मागं खिचडीच्या खोलीत जायची. तिथं आमच्या रुखमाबाई पोषण आहार शिजवतात. सकाळी "जयभीम मॅडम" एवढं सरळ बोलतात, पुढं दिवसभर एका प्रश्नाला सरळ उत्तर देतील तर शपथ. मी विचारलं, "रुखमाबाई, ती पोरगी रोज तुमच्याकडे काहून येते?"

"लेकरू आहे. येते," त्या म्हणाल्या आणि डाळ धुवायला लागल्या. मला वाटलं, जास्तीची खिचडी खात असेल. खाऊ दे बापडी.

बुधवारी गहू फुटले. व्हरांड्यात असा काही गोंधळ झाला की तिसरीची पोरंही खिडक्यांना लटकली. मोजायचं कशानं, तर बोटानं. राजदीपचं रोप एक बोट भरलं आणि प्रियंकाचं दोन. राजदीप म्हणाला, "हिचं बोट बारीक आहे मॅडम, म्हणून." खरंच होतं. राजदीपचं बोट म्हणजे ढेमसाचं देठ, प्रियंकाचं म्हणजे उदबत्ती. भांडण अर्धा तास चाललं. मापन हा पाठ पुस्तकात दिवाळीनंतर आहे, पण तो माझ्या व्हरांड्यात आपला आपणच सुरू झाला होता, म्हणून मी एकदाची गप्प बसले. शेवटी पोरांनीच ठरवलं की एकाचंच बोट धरायचं, राजदीपचं, कारण तो कधी शाळा बुडवत नाही. त्या दिवसापासून राजदीपचं बोट हे आमचं माप झालं. तो लघवीला गेला की मोजणी थांबायची. वह्यांमध्ये पोरांनी 'एक राजदीप', 'दीड राजदीप' असं लिहिलं आणि मी खाली बरोबरची खूण केली. बबिताच्या वहीत तारीख होती आणि खाली कोरं होतं.

गुरुवारी सगळ्यांत उंच रोप तीन राजदीप झालं. अश्वजितचंसुद्धा, इतकं उकरूनही, एक कोंब वर आला होता. तो सारखा त्याच्यापुढं जाऊन बसत होता. दुपारी खिचडी झाली, पोरं ताटं धुवायला हापशीवर गेली, मी वह्या तपासत होते. बाहेर करकर आवाज आला. पाहते तर व्हरांड्यात शेळी. काळी, गळ्यात लाल दोरा. एका टोकापासून सुरुवात करून ती चौदाव्या करवंटीपर्यंत पोचली होती. मी खडूचा डबा फेकून मारला. तिनं पंधरावी आणि सोळावी खाल्ली आणि मग गेली.

सोळा पोरं रडायला लागली की काय होतं, ते ज्यानं ऐकलं त्यालाच ठाऊक. वावरातल्या बाया विळे टाकून पाहायला आल्या. मी ओरडले, "मागचं फाटक उघडं कोणी ठेवलं?" मग राजदीपनं नाक पुसत बोट दाखवलं, तेच मापाचं बोट. "बबिता मागं गेलती मॅडम. तीच जाते रोज."

बबिता ताट धरून उभी होती. मी तिला विचारलं, तू उघडं ठेवलं का? ती राजदीपकडे बघत राहिली. "अगं, तोंड आहे का नाही तुले? हो म्हण, नाही म्हण." काही नाही. माझं टाळकंच सरकलं. मी टेबलाशी गेले, सदाशिवरावांना द्यायच्या यादीचा कोरा कागद काढला आणि पहिल्या ओळीवर शाईच्या पेनानं तिचं नाव लिहिलं. सगळ्यांसमोर. तिनं ते पाहिलं. मग हातातलं ताट नीट धुऊन जागेवर ठेवलं आणि आपल्या बसायच्या पट्टीवर जाऊन बसली.

शुक्रवारी वर्ग सुतकात होता. करवंट्यांमध्ये नुसती खुंटं. अश्वजितनं वहीत 'शून्य राजदीप' लिहून त्याभोवती चौकट काढली. मी म्हटलं, रोप असो नसो, दोन वाक्यं बोलायचीच, आणि सराव घेतला. बबिताची पाळी आली तेव्हा मी तिच्याजवळ खाली बसले, आवाज जमेल तेवढा बारीक केला. "फक्त 'हे माझे रोप' एवढं म्हण. मी नाव खोडते." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे. ओठ हलल्यासारखे वाटले. पण नाही. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी आणखीच चिडते, हा माझा जुना रोग आहे. म्हटलं, "मर मग. बस पहिलीत."

सुट्टी झाल्यावर रुखमाबाई हात पुसत आल्या. "मॅडम, ते यादीचं उद्याच काय ते लिवा ना. शाई वाळाले असा किती वेळ लागते?"

"लिहून झाली आहे," मी म्हटलं. "तुमी खिचडीत लक्ष द्या."

"खिचडीतच आहे," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला रूपसिंगची जीप फाटकापुढून दारव्ह्याला जाते, त्यात मला बसायचं होतं. यादी पर्समध्ये होती. साडेदहाला मी दोन वाक्यं सुरू केली. प्रियंका उभी राहिली. "हे माझे रोप होते. ते शेळीच्या पोटात आहे." अश्वजित म्हणाला, "माझे रोप एकच होते. ते शूर होते." राजदीप उठला, "हे माझे रोप," म्हणाला आणि पुढं अडखळला. मग "ते तीन बोटं होते" असं घाईघाईनं म्हणून बसला. एरवी हाच पोरगा थांबवता थांबत नाही. सोळा जण बोलले. मी म्हटलं, "बबिता."

ती उठली आणि सरळ दारातून बाहेर गेली.

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार? मनात म्हटलं, गेली. आता तांड्यावर जाऊन मोतीबाईला सांगावं लागेल, समजूत घालावी लागेल. पर्स उघडून यादी पाहिली. नाव शाईचंच होतं.

तेवढ्यात बबिता परत आली. डोक्यावर ताट, ताटात करवंटी, तिच्यावर भाजीचं टोपलं पालथं घातलेलं, आणि मागं रुखमाबाई, ओल्या हातानं टोपलं सावरत. बबितानं ते माझ्या टेबलावर उतरवलं. टोपलं उचललं. खाली गहू होते. दाट, सरळ, एकाला एक लागून, आणि पिवळेधम्मक. सगळी पोरं उठून उभी राहिली.

बबितानं एक हात कमरेवर ठेवला.

"मुलांनो, इकडे लक्ष द्या," ती म्हणाली.

आवाज बारीक होता, पण चाल माझी होती. शब्दाशब्दाला माझी. "हे माझे रोप आहे. याला वारुळाची माती लागते, कारण ती भुसभुशीत असते. राजदीप, बोट आण. काहून रे, डोक्यात भुसा भरला का? बोट आण म्हटलं ना. मी काय भिंतीशी बोलून राह्यली?"

राजदीप उठून बोट घेऊन आला. त्यानं मोजलं. नऊ.

"नऊ राजदीप," बबितानं वर्गाला सांगितलं. "रोज पाणी दिलं. पण कमी कमी दिलं, प्रियंकासारखं तळं नाही केलं. आता कोणी हात लावला, तं एकेकाची तंगडी तोडीन."

मग अश्वजित हसला आणि मग वर्ग जो फुटला, तो आवरेना. रुखमाबाई पदर तोंडाला लावून दाराला टेकल्या. मीही हसत होते, आणि हसता हसता माझ्या ध्यानात आलं की अडीच महिन्यांत या पोरीनं मराठी घेतली ती सगळी माझ्या तोंडून घेतली. जे मी दिलं, ते सगळं तिनं शिकून ठेवलं होतं. भुशासकट.

पण बाई आहे ना मी, चूक दिसली की राहवत नाही. म्हटलं, "छान आहे. पण पिवळं आहे बेटा. ऊन नाही मिळालं."

"तीज पिवळीच असते," बबिता म्हणाली. मला शिकवायच्या सुरात. "झाकून ठेवायची. रोज पाणी, रोज गाणं. नऊ दिवस कोणाला दाखवायची नाही."

रुखमाबाईंनी मग एकदाचं सरळ उत्तर दिलं. "तांड्यातल्या पोरी टोपल्यात गहू पेरतात मॅडम, तांड्याच्या नायकाच्या घरी ठेवतात. शेवटच्या दिवशी ते सगळ्या तांड्याले वाटतात. बुढ्यायच्या पागोट्यात खोवतात. मोतीबाईनं शिकवलं हिले, आताच, मागच्या पंधरवड्यात. हजेरीत फुल्या मारल्या ना तुमी, तेव्हा."

"आणि तुमाले हे सगळं माहीत होतं?"

"रोज माह्यासंग बोलते ते. मराठीच बोलते. गव्हाले पाणी घालता घालता तुमचे धडे म्हणते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कुठी?" रुखमाबाई म्हणाल्या. "अन् ते पोरगी म्हणे, टोपलं उघडू नका."

मी बबिताकडे वळले. "इतकी मराठी येते, तं वर्गात काहून नाही बोलली गं?"

तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "तुमीच म्हणलं होतं. मराठी येईपर्यंत तोंड उघडू नको."

जूनचा तो दिवस मला तेव्हा आठवला. पुस्तकं, रडणारी पोरं, ओढलेला पदर. सोळा जणांना हजारदा सांगून एक गोष्ट ऐकत नाहीत, आणि हिनं एकदा सांगितलेलं अडीच महिने पाळलं.

"पण आली ना आता," मी म्हटलं.

"पुरी नाही आली. थोडी राहिली आहे." तिनं करवंटीतला एक वाकडा कोंब सरळ केला. "हेबी नऊ दिवसांनी उघडायचं होतं. आज सहाच झाले."

"मंग आज काहून उघडलं? पहिलीत जावं लागेल म्हणून?"

तिनं मान हलवली. या वेळी मला कळलं, ती नाही म्हणत होती. "सगळ्यांचं शेळीनं खाल्लं. कोणाजवळच नाही राहिलं. मंग काय करू?"

मला रडू आलं. पोरांसमोर रडायची माझी पद्धत नाही, म्हणून मी पाठ फिरवून फळा पुसला. फळा कोराच होता.

मागं वाटप सुरू झालं होतं. बबिता मुळापासून अलगद कोंब उपटत होती आणि प्रत्येकाला दोन दोन देत होती. पागोटी कोणाकडे नव्हती. मुलींच्या वेण्यांमध्ये खोवले, मुलांच्या कानावर. पहिले दोन तिनं राजदीपला दिले. तो तसाच उभा राहिला, कोंब मुठीत धरून, कान लाल. मग म्हणाला, "मॅडम, ते फाटक मी उघडं ठेवलं होतं. अन् शेळी आमच्याच बळीराम आबाची आहे." आणि भोकाड पसरलं. बबितानं त्याची मूठ उघडून कोंब काढून घेतले, त्याच्या कानावर नीट बसवले आणि पुढच्या पोराकडे गेली. मीही राजदीपला काही म्हटलं नाही. काय तोंडानं म्हणणार? मी तर त्याचं ऐकून शाई वापरली होती.

पर्समधून यादी काढली. पहिल्या ओळीतलं नाव असं खोडलं की कागद फाटला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, निरंक. सदाशिवराव ओरडतील तर ओरडू देत. ओरडण्यात मी त्यांना हार जाणार नाही.

रूपसिंगच्या जीपचा हॉर्न फाटकाशी वाजला. मी पर्स खांद्याला लावली, तर बबिता समोर येऊन उभी. हातात शेवटचे चार कोंब. "खाली बसा," ती म्हणाली. मी खुर्चीवर बसले. "अजून खाली." मी जमिनीवर बसले, पोरांच्या पट्टीवर. ती मागं गेली आणि माझ्या अंबाड्यात कोंब खोवायला लागली. ते काही बसेनात. पुन्हा हॉर्न वाजला आणि मी मान वळवली.

"हालू नको, याडी," ती म्हणाली.

मग तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. कोंब माझ्या खांद्यावर पडले. सोळा माना माझ्याकडे वळल्या. अडीच महिन्यांपूर्वीचं माझं बोलणं त्या सोळा जणांनाही आठवत होतं, विसरले होते ती मीच.

खांद्यावरचे कोंब उचलून मी मागं हात केला आणि तिच्या हातात दिले.

"नाही हालत," मी म्हटलं. "खोव नीट."

तिसरा हॉर्न झाला आणि रूपसिंगची जीप निघून गेली. मी बसूनच होते.